काचेची पाटी आणि टाकळीचा लेखक

हाताने टिपणे काढण्यासाठी कोणता टॅबलेट घ्यावा, हा प्रश्न अलीकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांत आणि अध्यापकांत वारंवार चर्चिला जातो. त्याची उत्तरे दुकानदार देतात, जाहिराती देतात. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही त्याचे काही उत्तर असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्या मते ते आहे, आणि नाशिककरांना तर ते शोधायला फार लांब जायला नको.

नाशिकजवळ, नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमापाशी टाकळी आहे. परंपरेनुसार १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे रामदासांनी तेथे पुरश्चरणात काढली, आणि याच काळात वाल्मीकिरामायणाची प्रत स्वहस्ते लिहून काढली. रामदासांच्या हातची मानली जाणारी रामायणाची प्रत आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठोमठी हिंडून जी बाडे गोळा केली, त्यांच्या जतनासाठी ही संस्था उभी राहिली. एवढा मोठा ग्रंथ नकलून काढलेल्या माणसाला कागद, शाई आणि लेखणी यांविषयी काही मते असणारच. ती त्याने पुढे दासबोधात मांडली. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, 'लेखनक्रियानिरूपण', हा त्या मतांचा समास आहे.

अभ्यासक्रमात दासबोध आला की मूर्खलक्षणे येतात, राजकारण येते. हा समास बहुधा वगळला जातो. अध्यात्माच्या ग्रंथात हा माणूस मध्येच बाजारहाटाची यादी देतो, याचे आम्हांला तरी कौतुक वाटते. कागद घट्ट आणावा, त्याला जपून खळ द्यावी. बोरू निरनिराळ्या देशांचे असावेत, पण कठीण, बारीक आणि सरळ पाहून घ्यावेत. सुऱ्या, कातऱ्या, टाक तोडण्याच्या नाना तऱ्हा, रेघा आखण्याची साधने, हिंगूळ, भिजवून वाळवलेल्या शाईचा साठा. आणि पुस्तक तयार झाल्यावर बासने, मेणकापडे, पेट्या, कुलपे. सतराव्या शतकातील लेखनसाहित्याची इतकी जिवंत यादी मराठी कवितेत क्वचितच सापडेल.

परंतु यादीपेक्षा तिच्या आधीचे नियम अधिक मोलाचे आहेत. पान शिशाने आखून घ्यावे. ओळीला ओळ लागू नये, वरच्या ओळीतले लांब अक्षर खालच्या ओळीला भिडू नये. भोवती जागा सोडून मध्येच लिहावे, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षर झडणार नाही. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये. म्हातारपणी ते उपयोगाचे नाही. या नियमांत लिहिणाऱ्याच्या सुखाचा विचार जवळजवळ नाही. प्रत्येक नियम वाचणाऱ्याच्या बाजूने केलेला आहे, आणि हा वाचणारा बहुधा लिहिणाऱ्याहून वयस्क, नाहीतर त्याच्या मागे उरणारा आहे.

याच्या शेजारी मोडी ठेवून पाहावी. मोडी ही लिहिणाऱ्याच्या वेगाची लिपी. ओळभर शिरोरेघ आधी ओढून घ्यायची आणि हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिच्याखाली लटकवत जायचे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळायचा नाही. दप्तराला हा वेग हवा होता. त्याची किंमत आज मोडी वाचकांच्या तुटवड्यात इतिहास संशोधक मोजत आहेत. रामदास बाळबोध अक्षराचा आग्रह धरतात, त्याचा अर्थ या तुलनेत कळतो. तो आग्रह समासाच्या पहिल्याच शब्दात ब्राह्मणाला उद्देशून केलेला आहे, हेही विसरू नये. लेखणी कोणाच्या हाती असावी हे त्या काळी जातीने ठरत होते. आज चाळीस-पन्नास हजारांच्या यंत्राची किंमत ते काही अंशी ठरवते.

यंत्रांचा इतिहास मात्र मोडीच्या बाजूने सुरू झाला. १९६४ मध्ये अमेरिकेत रँड टॅबलेट आला. हाताची हालचाल संगणकाला कळवणे एवढेच त्याचे काम. १९९३ च्या न्यूटनने हस्ताक्षर वाचण्याची उमेद धरली, त्या वाचनाची यथेच्छ टिंगल झाली, आणि १९९८ मध्ये न्यूटन बंद पडला. १९९६ च्या पाम पायलटने उलटा मार्ग घेतला: यंत्राला अक्षर शिकवण्याऐवजी माणसालाच ग्राफिटी नावाची वळणे शिकवली. त्यात रोमन 'ए' मधली आडवी रेघ गाळून काढायचा. मोडीने अक्षर हातासाठी मोडले होते. येथे ते यंत्रासाठी मोडले गेले. २०१५ ची ॲपल पेन्सिल, २०१७ चा रिमार्केबल, २०२२ चा किंडल स्क्राइब या पुढच्या पिढीत अक्षर जसेच्या तसे राहते, ही गोष्ट थोडी नव्हे.

मग निवड कशी करावी? काच की ई-इंक, हा वाद आम्हांला दुय्यम वाटतो. काचेवर रंग खुलतात, चित्रे आणि ध्वनिमुद्रणे एकत्र ठेवता येतात. पण लेखणी घसरते आणि उन्हात पडदा चकाकतो. ई-इंकचा पडदा उन्हातही कागदासारखा वाचता येतो, त्याच्या खरखरीवर अक्षर ठरते. मात्र पान उलटायला तो मंद आहे आणि लेखणीचे टोक झिजते. बोरूही तासावा लागतच असे. ज्याला कविता वाचता वाचता समासात लिहायचे आहे, त्याने ई-इंक पाहावे. ज्याला वर्गात शिकवायचे आहे, त्याने काच.

खरी परीक्षा दुसरीकडे आहे. या यंत्रांतील आखीव पाने बहुधा रोमन अक्षराच्या मापाने केलेली असतात. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार असे अक्षर त्या ओळींत कोंडते आणि रामदासांची तक्रार खरी ठरते. म्हणून ओळींतील अंतर आपल्याला वाढवता येते का, हे आधी पाहावे. पडदा मोठा करून लिहिण्याच्या सोयीने अक्षर नकळत मुंगीएवढे होते, आणि पूर्ण पान पाहिले की काहीच वाचता येत नाही. वीस लेखण्या आणि साठ रंग मिळाले तरी एकच टाक धरावा. मराठी अक्षर ओळखून त्याचे टंकित रूप देण्याची सोय सर्वत्र सारखी नाही. ती जोडाक्षरांसह आपल्याच हस्ताक्षरात तपासावी, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये.

आणि कडेची मोकळी जागा? टिपणे ज्या प्रणालीत लिहिली तिच्याच खास स्वरूपात राहिली, तर ती प्रणाली बंद पडताच अक्षरही झडते. सबंध वही पीडीएफमध्ये काढून यंत्राबाहेर ठेवता येते का, हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारावा. धुळ्याची पोथी उघडायला बासन सोडणे पुरते.

दुकानात यंत्र हाती घेतलेच, तर त्यावर गतीने एक पान मराठी लिहावे, ते बाहेर काढून कागदावर छापून घ्यावे आणि घरातल्या साठीपुढच्या माणसाला चष्म्यासकट वाचायला द्यावे. त्याला ते अडखळल्याशिवाय वाचता आले, तर पैसे मोजायला हरकत नाही.