धनुष्याची गांठ : दोष कीं कौशल्याची खूण ?

जुन्या शस्त्रसंग्रहांतील एखाद्या लांकडी धनुष्याच्या पाठीवर उंचवटे दिसले, कीं तें अर्धवट तासलेलें किंवा अडाणी हाताचें असें ठरविण्यांत येतें. हा निर्णय फेरविचारास पात्र आहे.

धनुष्य ओढलें असतां लक्ष्याकडील बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. पोट दाबलें जातें. फांदी फुटल्या जागीं गांठ होते, आणि ओढ्याचें पाणी खडकास वळसा घालतें तसे लांकडाचे तंतु तिच्याभोवतीं वळतात. रंधा सरळ चालविल्यास ते तुटतात, तेथें ढलपी उचलते व धनुष्य मोडतें. म्हणून जाणता कारागीर पाठीवर वाढीचा एकच थर अखंड राखतो, गांठीभोवतीं लांकूड किंचित् उंच सोडतो, आणि पोटाकडून थोडथोडें तासून वारंवार वांकवून पाहतो. इंग्लंडची 'मेरी रोझ' ही राजाची युद्धनौका १५४५ सालीं बुडाली व १९८२ सालीं वर काढण्यांत आली. तींत यू वृक्षाच्या लांकडाचीं १७२ धनुष्यें मिळालीं. त्यांवरहि गांठींपाशीं असे उंचवटे राखलेले आहेत. तेथें तरी अडाणीपणाची शंका घेतां येत नाहीं.

आतां आपल्या ग्रंथांकडे वळूं. वसिष्ठाच्या नांवावर चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेंत ३, ५, ७ व ९ पर्वांचें धनुष्य शुभ, तर ४, ६ व ८ पर्वांचें वर्ज्य म्हटलें आहे. शिवाय गळ्याशीं व तळाशीं गांठ नसावी असा निषेध आहे. हा केवळ शकुनविचार मानून वाचक पुढें जातो. परंतु 'पर्व' म्हणजे वेळूचें पेर आणि 'तल' म्हणजे मुठीची जागा असा अर्थ घेतल्यास नियमाचें मर्म उलगडतें. पेरें विषम असलीं कीं मधलें पेर मुठींत येतें, तेथें गांठ पडत नाहीं, आणि दोन्ही बाजूंस गांठी सारख्या येऊन दोन्ही भुजा सारख्या वांकतात. हें माझें अनुमान आहे. पण तें कारागिराच्या अनुभवाशीं जुळतें.

मात्र हा नियम वेळूचा आहे. कौटिल्य चाप व दारव हे प्रकार वेगळे गणतो; पेरांची मोजणी लांकडी धनुष्यास लावूं नये.

संग्राहकांस विनंति इतकीच, कीं असें धनुष्य हातीं आल्यास तें घांसून गुळगुळीत करूं नये. पोथींतील अक्षर खोडल्याप्रमाणें, त्या उंचवट्याबरोबर कारागिराचा लेखच नाहींसा होतो.