पतगुणांक दुरुस्तीची फसवणूक

पैसे घेऊन कर्जदाराचा पतगुणांक (बोलीभाषेत ‘सिबिल’) वाढवून देण्याचे किंवा थकबाकीची खरी नोंद पुसून टाकण्याचे खोटे आश्वासन. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या २००५ च्या कायद्याखाली काम करतात. बँका व वित्तसंस्थांनी पुरवलेल्या माहितीवरून त्या ३०० ते ९०० या पट्ट्यात गुणांक ठरवतात. धनको संस्थेने चूक मान्य केल्याशिवाय नोंद बदलत नाही. मध्यस्थाचा तेथे हात पोचतच नाही.

आगाऊ शुल्क, आठवड्याभरात ‘हमखास ७५०’, ‘आत आपला माणूस आहे’ अशी बतावणी आणि पॅन, आधार, ओटीपीची मागणी या अशा फसवणुकीच्या ठळक खुणा. यांहून फसवा प्रकार तडजोडीचा. मध्यस्थ कमी रकमेत कर्ज मिटवून देतो, पण कर्जदाराच्या पतअहवालात ‘सेटल्ड’ हा शेरा उमटतो आणि पुढचे कर्ज अडते. पूर्ण फेडीनंतरचा ‘क्लोज्ड’ शेरा वेगळा, हे गरजू माणसाला कोणी सांगत नाही.

प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो. चुकीच्या नोंदीबद्दलची तक्रारही मोफत असते. ती ३० दिवसांत न सुटल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तक्रारदाराला दररोज १०० रुपये भरपाई मिळते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे.