कौले चढली ती कशी?

कराड परिसरात जुन्या घराची शाकारणी निघाली की बोलणे होते ते वासे, रीपा आणि गिलाव्याच्या खर्चाचे. वाड्याची डागडुजी झाली तर तो 'वारसा'. दलित वस्तीतल्या घराची मात्र नुसती दुरुस्ती! पण आपल्या घरावरचे छप्पर ही केवळ पावसापुरती बाब कधीच नव्हती. अस्पृश्यांवर गावाने लादलेल्या निर्बंधांची यादी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिली आहे. वस्ती वेगळी, तीही दक्षिणेला. आणि घर कौलारू बांधणे हा गुन्हा! बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. कौल यंत्रावर निघू लागले, तरी ते कोणाच्या घरावर चढावे हे जातच ठरवीत होती. शिवाय बलुत्याच्या धान्यावर जगणाऱ्याकडे रोकड कुठली? ती आली गिरणीतून, लष्करातून. महारवतन कायद्याने संपले ते 1958 साली. म्हणून गवत-पाचटाच्या जागी चढलेले कौल हे बंडच होते.

पुढे 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने कोयना खोऱ्यातल्या दगडमातीच्या भिंती ढासळवल्या. आता पत्रा आणि स्लॅब आले. ते यावेतच. मात्र जुनी कौले उतरवण्याआधी ती कोणी, कोणत्या कमाईतून, कोणाचा विरोध मोडून चढवली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. वतनाचे कागद सरकारी दप्तराने जपले. कौलांचा हा इतिहास आपणच लिहायचा आहे.