सामाईक तिजोरी आणि सरासरीचे माप

नागपूर कराराचा उल्लेख आपल्याकडे बहुधा विदर्भाच्या संदर्भात होतो. परंतु २८ सप्टेंबर १९५३ च्या या करारावर मराठवाड्याच्या प्रतिनिधींच्याही सह्या होत्या, आणि पाचच वर्षांपूर्वी निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या या प्रदेशाविषयी त्यात एक महत्त्वाचे कलम होते. निधीची वाटणी तिन्ही विभागांत लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी. मात्र मराठवाड्याची अविकसित स्थिती पाहता त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष पुरवावे, आणि याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असा त्याचा आशय.

या कलमात दोन मापे शेजारीशेजारी ठेवलेली आहेत. लोकसंख्या हे हक्काचे माप. अविकसितपणा हे गरजेचे. पहिले आकड्यात मांडता येते, दुसऱ्यासाठी करारकर्त्यांनी ‘विशेष लक्ष’ एवढेच शब्द योजले. पुढची सारी भांडणे या दोन मापांमधल्या मोकळ्या जागेत झाली आहेत.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये विकास मंडळांची तरतूद केली. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली. मधल्या काळात, १९८३ मध्ये, अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य आदी क्षेत्रांत राज्याची सरासरी हे माप धरले आणि त्याखाली असलेल्या जिल्ह्यांना तिथवर आणण्याचा खर्च काढला. ‘अनुशेष’ हा शब्द त्यानंतर मराठी राजकारणात कायमचा रुजला. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के. मराठवाड्याची लोकसंख्या तेव्हा राज्याच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास होती. तेव्हा लोकसंख्येचे माप या प्रदेशाला पुरे पडत नव्हते, हे सिद्ध झाले. पण उर्वरित महाराष्ट्रातही तूट आहे, तेथेही कोरडे तालुके आहेत, हेही त्याच आकड्यांनी सांगितले. आपल्या भाषणांतून हा दुसरा निष्कर्ष सहसा गाळला जातो.

हा वाद आपल्यापुरता नाही. युरोपीय समुदायाच्या सामाईक अर्थसंकल्पात आपण घालतो जास्त आणि आपल्याला मिळते कमी, अशी ब्रिटनची तक्रार होती. शेतीवरील अनुदाने हा त्या अर्थसंकल्पाचा मोठा भाग, आणि ब्रिटनची शेती तुलनेने लहान. १९८४ साली फॉन्तेनब्लो येथे मार्गारेट थॅचर यांनी त्यावर कायमची सूट मिळवली. २००४ मध्ये पोलंड या संघात आला, तेव्हा या सुटीचा भार गरीब नव्या सदस्यांनीही उचलावा काय, हा प्रश्न उभा राहिला. २००५ च्या डिसेंबरात, अध्यक्षपद ब्रिटनकडे असताना, नव्या देशांच्या विकासनिधीत कपात सुचवली गेली आणि पोलंडने कडाडून विरोध केला. अखेर ब्रिटनने आपल्या सुटीचा काही भाग सोडला. ब्रिटन हिशेब मांडत होते हक्काचा, पोलंड गरजेचा. नागपूर करारातली तीच दोन मापे!

फरक आहे तो बळाचा. तेथे सात वर्षांचा आराखडा आकड्यांत बांधलेला असतो आणि त्याला प्रत्येक देशाची संमती लागते. त्यामुळे पोलंडचा नकार तिजोरी अडवू शकत होता. ब्रिटनपाशी बाहेर पडण्याचा मार्ग होता, तो त्याने २०२० च्या जानेवारीत अखेर वापरला. मराठवाड्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. त्याच्यापाशी होते ते केवळ करारातले एक वाक्य. विकास मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि पुनर्स्थापनेची शिफारस करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो २०२२ मध्ये.

सरासरीच्या मापातही एक खोट आहे. युरोपात दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असलेल्या प्रदेशांना अधिक निधी मिळे. पोलंडच्या माझोव्ह्ये प्रांतात वॉर्साच्या श्रीमंतीने सरासरी फुगवली आणि भोवतालचा गरीब भाग त्या सवलतीला मुकला. म्हणून २०१८ पासून आकडेवारीसाठी राजधानीचा परिसर वेगळा मोजला जाऊ लागला. आपल्याकडेही जिल्हा हा एकक धरला की परंडा-भूमची तहान जिल्ह्याच्या आकड्यात विरून जाते. शिवाय सिंचनाचा अनुशेष केवळ रुपयांनी भरत नाही. धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग कृष्णा खोऱ्यात येतो. कृष्णा-मराठवाडा प्रकल्पात मागणी २३.६६ टीएमसीची, पहिला टप्पा ७ टीएमसीचा. पाण्याचा वाटाच ठरला नसेल, तर मंजूर रकमेचे कालवे कोरडेच राहणार.

२०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे होते. उस्मानाबाद त्यांतला एक. करारानंतर पासष्ट वर्षांनी पुन्हा ‘विशेष लक्ष’, फक्त दिल्लीहून. त्यामुळे नव्या घोषणेपेक्षा जुन्या करारातले दुर्लक्षित कलमच अधिक मोलाचे वाटते. दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल ठेवायचा. आणि तो तालुकावार असावा, एवढी भर आपण त्यात घालावी. सामाईक तिजोरीत प्रत्येकाला मनासारखे मिळणार नाही. पण हिशेब सर्वांसमोर, ठरल्या मापाने, ठरल्या दिवशी वाचला गेला, तर निदान भांडण तरी खऱ्या आकड्यांवर होईल.