डीलरचा कोर्टातला दिवस

गाड्यांचं चकाचक शोरूम बघितलं की वाटतं, हे कंपनीचंच असणार. तसं नसतं. जागा डीलरची, कर्ज त्याचं, मेकॅनिकचे पगारही त्यानेच द्यायचे. फलकावरचं नाव तेवढं उसनं. ते कंपनीने काढून घेतलं की उरतात त्या मोठ्या काचा आणि बँकेचे हप्ते.

हेन्री फोर्डला हे पक्कं ठाऊक होतं. १९२०-२१ च्या हिवाळ्यात अमेरिकेत मंदी होती, फोर्डच्या डोक्यावर कर्ज होतं आणि गाड्यांना गिऱ्हाईक नव्हतं. त्याने काय करावं? डीलरांनी न मागितलेल्या गाड्या सरळ पाठवून दिल्या. माल पोचला की रोख पैसे मोजायचे, नाही म्हणालात तर एजन्सी गेली. डीलर धावले गावातल्या बँकेत. म्हणजे फोर्डने मोठ्या सावकारापुढे हात न पसरता गावोगावच्या बँकांतून पैसा उभा केला, तोही दुसऱ्याच्या सहीवर. (डोकं मानलं पाहिजे, पण रागही येतो.)

आणि हे सगळं करारात बसत होतं! करार कंपनीने लिहिलेला, मोडायचा अधिकारही तिच्याच हातात. ॲडमिन पासवर्ड एकाकडेच, तसं काहीसं.

१९५५ च्या अखेरीस सिनेटर ओमाहोनी यांच्या समितीपुढे डीलरांनी गाऱ्हाणी मांडली, तेव्हा चक्रं फिरली. जनरल मोटर्सने एक वर्षाचा करार पाच वर्षांचा करायचं कबूल केलं. ऑगस्ट १९५६ मध्ये आयझेनहॉवरची सही होऊन कायदा आला. नावच मोठं झकास: 'ऑटोमोबाईल डीलर्स डे इन कोर्ट ॲक्ट'. कंपनी सद्भावनेने वागली नाही तर डीलरला फेडरल कोर्टात जाता येईल.

पण गोची व्याख्येत होती. 'सद्भावना नाही' म्हणजे दमदाटी किंवा जबरदस्ती, असा अर्थ कोर्टांनी लावला आणि ती सिद्ध करता करता बहुतेक डीलर हरले. खरं संरक्षण दिलं ते राज्यांच्या कायद्यांनी: सबळ कारण दाखवा, मगच करार तोडा. हेच कायदे आज बऱ्याच राज्यांत टेस्लाला थेट गाड्या विकू देत नाहीत, पण तो वेगळा विषय आहे.

जून २००९ मध्ये दिवाळखोर क्रायस्लरने ७८९ डीलरांचे करार कोर्टाच्या परवानगीने रद्द केले. दिवाळखोरीच्या कायद्यापुढे राज्यांचे कायदे लटके पडले. शेवटी डिसेंबरमध्ये काँग्रेसने त्या डीलरांना लवादाकडे जायचा हक्क दिला.

आपल्याकडे? फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. आहेत ते १८७२ चा करार कायदा आणि १९६३ चा विशिष्ट अनुतोष कायदा. २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतात विक्री बंद केली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी २०२० च्या अखेरपर्यंत चालू राहिला, पण शोरूमवाल्यांना निर्यातीचा काय उपयोग?

अमृतसरच्या एका गॅस वितरकाचा खटला तर वाचण्यासारखा आहे. इंडियन ऑइलने त्याची एजन्सी काढून घेतली. हे चूक झालं, असं म्हणत लवादाने ती परत द्यायला सांगितलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९० च्या निकालात कोर्ट म्हणालं, एजन्सी चुकीच्या पद्धतीने काढली हे मान्य, पण कारण न देता तीस दिवसांच्या नोटिशीने करार संपवायची सोय करारातच आहे. म्हणून एजन्सी परत नाही. भरपाई मिळाली, ती त्या नोटिशीपुरती, तीस दिवसांच्या कमाईची.