जुन्या गाडीचे दिवे: कार्बाइडपासून एलईडीपर्यंत

बऱ्याच श्रोत्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. घरात आजोबांची फियाट आहे, कुणाकडे मॉरिस आहे, रात्री समोरचं धड दिसत नाही, तर एलईडी बसवावेत का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मागचे दिवे आणि इंडिकेटर जरूर बदला. हेडलाइटला मात्र इतक्यात हात लावू नका. असं का, हे कळायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

सुरुवातीच्या मोटारींना दिवे होते ते तेलाचे, आणि नंतर अ‍ॅसिटिलीन वायूचे. पितळी डब्यात कॅल्शियम कार्बाइड, त्यावर थेंब थेंब पाणी, त्यातून निघणारा वायू नळीने दिव्यात. हो, आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच कार्बाइड! उजेड पांढराशुभ्र पडायचा, पण गाडी थांबवून, खाली उतरून, भर पावसात काडी ओढायची. १९०४ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ कंपनीने हा वायू नळकांड्यांत भरून विकायला सुरुवात केली. नळकांडी अधूनमधून फुटायची, तरी धंदा जोरात चालला. तिच्या मालकांपैकी दोघांनी पुढे भागीदार जमवून १९०९ मध्ये इंडियानापोलिसची ती प्रसिद्ध रेसट्रॅक उभारली.

आता गंमत बघा. विजेचा बल्ब तेव्हा घरांत आला होता, मग मोटारीत का नाही? एक तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी नाजूक तार तुटायची. दुसरं म्हणजे, बॅटरी होती तरी ती चालत्या गाडीत भरणार कोण? १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने सेल्फ-स्टार्टर, जनरेटर, बॅटरी आणि दिवे असा सगळा संच एकत्र बसवला. तेव्हा कुठे विजेचे दिवे मोटारीत पक्के रुजले. म्हणजे मोटारीच्या दिव्याचा इतिहास हा निम्मा तरी विजेच्या पुरवठ्याचा इतिहास आहे. हे लक्षात ठेवा, कारण आजोबांच्या गाडीतला दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

जुनी डायनॅमोवाली गाडी सिग्नलला थांबली की दिवे पिवळे पडायचे, आठवतंय? इंजिन संथ फिरत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. इंग्लंडमध्ये लुकास कंपनीला लोक गमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणायचे. मला तो विनोद जरा अन्यायाचाच वाटतो. साठ वर्षं जुनी वायर, गंजलेलं अर्थिंग आणि झिजलेला स्विच यांत एखादा व्होल्ट सहज हरवतो. तारेच्या बल्बचं गणित असं की व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो! म्हणून हेडलाइटसाठी आधी अर्थिंग घासून साफ करा आणि बॅटरीपासून बल्बपर्यंत जाड वायर टाकून मध्ये रिले बसवा. पुष्कळ जणांना एवढ्यावरच रस्ता दिसायला लागतो, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटची मूळ काच, मूळ बल्ब सगळं जागच्या जागी राहतं.

हेडलाइटमध्ये एलईडी का नको, ते सांगतो. जुना रिफ्लेक्टर हा एका बारीकशा तारेसाठी आखलेला असतो. तार केंद्रबिंदूपासून किती पुढे, तिच्याखाली छोटी पत्र्याची आड कशी, यावर डिपरचा झोत ठरतो. एलईडीच्या दांडीवर दोन्ही बाजूंना चपट्या चिप असतात. त्या तारेच्या नेमक्या जागी बसल्या नाहीत तर उजेड वाढतो, पण भलतीकडे सांडतो, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात. कारखान्यांनी स्वतः दिवा बदलला तेव्हा नुसता बल्ब बदलला नाही. २००७ साली लेक्ससच्या एलएस ६००एच गाडीत एलईडीचा डिपर आला, तो स्वतःच्या भिंगांसकट आला.

तसा एलईडीही काही कालचा नाही. निक होलोनियॅकने लाल एलईडी दाखवला १९६२ मध्ये, आणि योगायोग असा की युरोपात मोटारींचा पहिला हॅलोजन दिवाही त्याच वर्षी आला. पांढरा उजेड मात्र जपानी शास्त्रज्ञांच्या निळ्या एलईडीनंतर, म्हणजे नव्वदच्या दशकात. त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं.

मग मागचे दिवे का बदलायचे? तारेचा ब्रेकलाइट पूर्ण पेटायला साधारण ०.२ सेकंद घेतो, एलईडी तत्क्षणी पेटतो. मागचा ट्रक ८० च्या वेगात असेल तर तेवढ्यात तो साडेचार मीटर पुढे येतो. पुणे-सातारा रस्त्यावर रात्री मला ते साडेचार मीटर हवेत, मूळपण गेलं तरी चालेल. फक्त लाल काचेमागे लाल एलईडीच लावा. पांढऱ्यात लाल रंग कमी असतो, काच गुलाबट आणि मंद दिसते.

अजून दोन अडचणी. मॉरिस मायनरसारख्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. तारेला दिशेचं सोयरसुतक नाही, पण एलईडी एकाच दिशेने चालतो, म्हणून ‘पॉझिटिव्ह अर्थ’ असं मागूनच बल्ब घ्या. दुसरं, जुना फ्लॅशर विजेच्या उष्णतेवर टिकटिक करतो. २१ वॉटचे दोन बल्ब असले की बारा व्होल्टवर साडेतीन अ‍ॅम्पियर वाहतात. एलईडी त्याच्या एक दशांशही घेत नाही, त्यामुळे इंडिकेटर मिचमिचतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो.

राहता राहिला कायदा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. म्हणून कापाकापी नको. जुन्याच होल्डरमध्ये बसणारा एलईडी घ्या, आणि मूळ बल्ब व फ्लॅशर कापडात गुंडाळून डिकीत ठेवा. तपासणीच्या किंवा प्रदर्शनाच्या दिवशी ते परत बसवायला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.