पहिला ‘इंडियन आयडॉल’ : विजयाआधी आणि विजयानंतर

मंडळी, गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात छोट्या दोस्तांनी काय सुरेख गाणी म्हटली! कार्यक्रम संपवून आम्ही क्लोनडॉकिनला घरी निघालो. गाडीत मागच्या सीटवरून लेकीचा प्रश्न आला, "बाबा, टीव्हीवरची स्पर्धा जिंकली की मग आपण गायिका होतो ना?" मी सवयीने "हो" म्हणणार होतो. पण म्हटले नाही. रेड काऊचा चौक आला तरी मी गप्पच होतो, कारण मला एकदम ५ मार्च २००५ ची रात्र आठवली.

तेव्हा मी पुण्यात पहिल्या नोकरीत होतो. कोथरूडला दोन खोल्यांत आम्ही पाचजण, आणि टीव्ही एकच. एरवी त्यावर क्रिकेटच चालायचे. त्या रात्री मात्र सोनी लावलेले होते आणि पाचही जण खिळून बसले होते. पहिल्या ‘इंडियन आयडॉल’चा निकाल होता. एका बाजूला भिलाईचा अमित साना आणि दुसऱ्या बाजूला आपला मुंबईचा अभिजीत सावंत. मी स्वतःच्या फोनवरून तर मते दिलीच, शिवाय रूमवरच्या एकाचा फोन हळूच घेऊन त्यावरूनही दिली. (त्याला बिल आल्यावर कळले!) अभिजीत जिंकला तेव्हा आम्ही असे ओरडलो की खालचे काका वर आले.

आता थोडा इतिहास. गाण्याच्या स्पर्धा भारतीय टीव्हीला नव्या नव्हत्या. झी टीव्हीवर १९९५ मध्ये ‘सा रे ग म’ सुरू झाले होते, सूत्रसंचालक सोनू निगम. दूरदर्शनच्या ‘मेरी आवाज सुनो’ या स्पर्धेने १९९६ मध्ये सुनिधी चौहान दिली. लहानग्या श्रेया घोषालला ‘सा रे ग म’मध्ये पाहूनच संजय लीला भन्साळींनी पुढे ‘देवदास’साठी (२००२) बोलावले. आपली बेला शेंडेही ‘सा रे ग म’चीच विजेती. या स्पर्धांत कौल परीक्षकांचा असे, आणि परीक्षक म्हणजे गाण्यातली जाणती मंडळी.

२००१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘पॉप आयडॉल’ आले, पुढच्या वर्षी त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली आणि खेळाचा नियमच बदलला. परीक्षक बोलणार, पण ठरवणार प्रेक्षक. ऑक्टोबर २००४ मध्ये हेच सोनीवर हिंदीत आले. परीक्षक होते सोनू निगम, अनु मलिक आणि फराह खान. तेव्हा मोबाईल नुकताच आमच्यासारख्यांच्या खिशात आला होता. त्यामुळे मत देणे म्हणजे एक एसएमएस, इतके सोपे झाले.

अभिजीतचा जन्म ७ ऑक्टोबर १९८१ चा, म्हणजे माझ्याच वयाचा. स्पर्धेला उभा राहिला तेव्हा तेवीस वर्षांचा. त्याच्या मागे ना फिल्मी घराणे, ना कोणी गॉडफादर. मराठी घरातला, गोड गळ्याचा, लाजरे हसणारा मुलगा. आपल्या चाळीत, आपल्या कॉलेजात असा एक तरी असतोच, आणि म्हणूनच तो आम्हाला ‘आपला’ वाटला. चार-साडेचार महिन्यांत हा मुलगा देशभर घराघरांत पोचला.

पुढचे सगळे फार वेगाने झाले. एक कोटी रुपयांचा करार झाला. दीड-दोन महिन्यांच्या आत ‘आपका अभिजीत सावंत’ हा अल्बम बाजारात आला आणि त्यातले ‘मोहब्बतें लुटाऊंगा’ रिक्षापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे वाजले. त्याच वर्षी ‘आशिक बनाया आपने’ या सिनेमात पार्श्वगायन झाले. एखाद्याला वाटावे, झाले, गाडी रुळावर आली!

पण एप्रिल २००६ मध्ये दुसरा ‘इंडियन आयडॉल’ निवडला गेला, बिकानेरचा संदीप आचार्य. वाहिनीला दर हंगामात नवा विजेता हवा असतो. आदल्या वर्षीचा आपोआप ‘माजी’ होतो. अभिजीतचा दुसरा अल्बम ‘जुनून’ २००७ मध्ये आला, पण पहिल्यासारखा गाजला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस जकार्त्याला ‘एशियन आयडॉल’मध्ये त्याने भारताचे प्रतिनिधित्व केले, जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा. २००८ मध्ये ‘जो जीता वही सुपरस्टार’ या स्पर्धेत तो दुसरा आला आणि पहिला आला राहुल वैद्य, जो २००५ मध्ये अभिजीतच्या मागे तिसरा होता! पुढे पत्नीसह ‘नच बलिये’त नाचून झाले, ‘लॉटरी’ (२००९) या सिनेमात अभिनय झाला. २०१० मध्ये तो ‘इंडियन आयडॉल’च्या त्याच मंचावर परतला, पण सूत्रसंचालक म्हणून. २०१३ मध्ये ‘फरीदा’ हा अल्बम आला.

असे का व्हावे? गळा तर तोच होता. मला वाटते, याचे उत्तर स्पर्धेच्या रचनेतच आहे. स्पर्धेत दर आठवड्याला दुसऱ्याचे गाजलेले गाणे गायचे असते. ते ऐकणाऱ्याला आधीच आवडत असते. निकालाच्या रात्री हे उसने गाणे परत करावे लागते, आणि मग स्वतःचे गाणे लागते. आपल्याकडे ते बहुतेक वेळा सिनेमाच देतो. तिथे एसएमएस चालत नाहीत. कुठल्या प्रसंगाला, कुठल्या नटाला कोणता आवाज शोभेल हे संगीतकार ठरवतो. दुसरा रस्ता बिगरफिल्मी अल्बमचा. नव्वदच्या दशकात तो जोरात होता, पण अभिजीत जिंकला तोवर एमपी-थ्रीने त्याचे कंबरडे मोडायला घेतले होते. आम्ही आयटीवाल्यांनीही त्यात हातभार लावला, खोटे कशाला बोलू? तेव्हा ऑफिसच्या सर्व्हरवर गाण्यांचे एक भलेमोठे फोल्डर असायचेच. ज्या अभिजीतला मी मते दिली, त्याच्या अल्बमची सीडी मी कधीच विकत घेतली नाही. मला वाटते, लाखो मते देणाऱ्यांपैकी बरेचजण माझ्यासारखेच असतील.

याउलट ज्यांना गाणे मिळाले त्यांचे पाहा. बेला शेंडेला ‘जोधा अकबर’ (२००८), ‘नटरंग’ (२०१०) मिळाले आणि पुढे ‘तुह्या धर्म कोंचा’साठी राष्ट्रीय पुरस्कार. अमरावती जिल्ह्यातल्या खोलापूरची वैशाली भैसने-माडे आधी मराठी आणि मग २००९ मध्ये हिंदी ‘सा रे ग म प’ जिंकली. पण ‘बाजीराव मस्तानी’तला ‘पिंगा’ श्रेया घोषालबरोबर गायला २०१५ उजाडले. विजयानंतर सहा वर्षे! आणि २००५ च्याच ‘फेम गुरुकुल’मध्ये हरलेला एक मुलगा आज कोणाला माहीत नाही? अरिजित सिंग.

मी मास्टर्ससाठी डब्लिनला आलो तेव्हा कळले की इथेही हीच कथा चालू आहे. आरटीईच्या ‘यू आर अ स्टार’ या स्पर्धेचा विजेता पहिली तीन वर्षे थेट युरोव्हिजनला जात असे. २००३ मध्ये डोनेगलचा मिकी जो हार्ट रिगाला अकरावा आला. २००४ मध्ये वॉटरफर्डच्या क्रिस डोरानला इस्तंबूलला फक्त ७ गुण पडले. २००५ मध्ये ॲथलोनची भावंडे डॉना आणि जो कीव्हला उपांत्य फेरीतच बाद झाली. मग आरटीईने हा दुवाच तोडला. आणि गंमत बघा, २००७ मध्ये याच स्पर्धेत ‘ट्वेंटीवन डिमांड्स’ नावाचा बँड उपविजेता ठरला. त्या पोरांनी स्वतःची गाणी लिहिणे सोडले नाही. तेच पुढे ‘कोडालाइन’ झाले!

मला यात आपलीही गोष्ट दिसते. परदेशी मास्टर्सची पदवी हाती आली त्या दिवशी मला वाटले होते, जिंकलो. पहिल्या इंटरव्ह्यूपर्यंत त्या कागदाचे काम होते. त्यानंतर प्रत्येक प्रोजेक्टवर नव्याने सिद्ध करावे लागले, आणि अजूनही लागते. दर वर्षी कॉलेजातून नवा ‘विजेता’ बाहेर पडतोच आहे.

अभिजीतला मी अपयशी म्हणणार नाही. २०२४ मध्ये तो ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात उतरला. ६ ऑक्टोबरला अंतिम सोहळा झाला, बारामती तालुक्यातला सूरज चव्हाण जिंकला आणि अभिजीत उपविजेता ठरला. दुसऱ्या दिवशी त्याला त्रेचाळीस वर्षे पूर्ण होणार होती. मी इथे क्लोनडॉकिनमध्ये बसून पाहत होतो. तेच हसू, केस थोडे कमी (माझे त्याहून कमी!). आत गिटार घेऊन तो गायला की घरातले बाकीचे भांडण विसरून ऐकत बसायचे. जवळजवळ वीस वर्षे लोकांनी ‘पुढे काय झाले याचे?’ असे विचारले, आणि हा माणूस त्या सगळ्या वर्षांत गात राहिला होता.

तर त्या रात्री घराच्या दारात गाडी लावताना लेकीला मी एवढेच म्हणालो, "स्पर्धा जिंकलीस तर लोक तुला एक वर्ष ऐकतील. त्यानंतर त्यांनी का ऐकायचे, ते तुझे तुला शोधावे लागेल." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग मी स्पर्धेत जाऊ की नको?"

"जा की! पण रविवारचा क्लास चुकवायचा नाही."

आणि हो, आता तिच्या आवडत्या गायकांचे अल्बम आम्ही विकत घेतो. जुने कर्ज आहे, फेडायला हवे.